सांध्यांचे दुखणे आणि रुग्णांची नोंदवही



नोंदवही म्हटली की आपणांस दुकानाचा जमाखर्च किंवा शाळेची हजेरी आठवते. परंतु काही रोग असे आहेत, की त्यांचे स्वरूप उमगण्यास सूक्ष्मदर्शकाइतकीच नोंदवहीचीही गरज असते. आमवात आणि ल्यूपस हे त्यांपैकीच होत. शरीराचे रक्षण करणारी शक्तीच या रोगांत शरीरावर उलटते. पेणच्या गणेशमूर्तींची कीर्ती सर्वश्रुत आहे. पण मूर्तीचे डोळे रेखणारी बोटे आमवाताने रोज सकाळी तास-तासभर आखडून राहू लागली, तर त्या घराची मिळकतच थांबते.

हे रोग वर्षानुवर्षे चालतात, कधी चढतात, कधी उतरतात. आणि दोघा रोग्यांची कहाणी क्वचितच सारखी असते. म्हणून एकट्या डॉक्टरचा अनुभव येथे तोकडा पडतो. रोग केव्हा जडला, कोणते औषध दिले, पुढे काय झाले, हे अनेक रुग्णालयांनी एकाच पद्धतीने टिपून ठेवले, म्हणजे जे एरवी दिसत नाही ते दिसू लागते. ब्रिटनमध्ये 2001 साली आमवाताच्या नव्या जैविक औषधांसाठी अशी नोंदवही सुरू झाली. त्यांतील काही औषधांनी दबलेला क्षय उसळतो, आणि हा धोका सर्व औषधांत सारखा नसतो, ही गोष्ट त्या वहीने 2010 साली आकड्यांनिशी दाखविली. क्षयाने ग्रासलेल्या आपल्या देशाला या ज्ञानाचे मोल वेगळे सांगावयास नको.

तथापि या वहीस एक मर्यादा आहे. जो दारी आला, त्याचीच नोंद तीत होते. रोह्याचा रोगी दोनदा मुंबईस गेला आणि गाडीभाडे व बुडालेली मजुरी परवडेना म्हणून तिसऱ्यांदा गेलाच नाही, तर त्याचे पान कोरे राहते. तो बरा झाला की अंथरुणास खिळला, हे कोरे पान सांगत नाही.

याच कारणाने भिगवणचे उदाहरण मोलाचे वाटते. पुणे जिल्ह्यातील या गावी 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी रोग्यांची वाट पाहत बसले नाहीत; घरोघर जाऊन त्यांनी चार हजारांवर प्रौढांची विचारपूस केली. हजारी सुमारे पाचजणांना आमवात आढळला. साध्या सांधेदुखीचे व कंबरदुखीचे रोगी तर त्याहून कितीतरी अधिक निघाले.

तात्पर्य, वही आणि उंबरठा यांची सांगड घातली पाहिजे. पेण-रोह्याकडील रोगी तपासणीस येईनासा झाला, तर गावातल्या आशाताईंनी वा परिचारिकेने त्याच्या दारी जाऊन चौकशी करावी, आणि तिचे उत्तर मोठ्या रुग्णालयाच्या वहीत उतरावे. अर्थात रोग्याची संमती घेऊन आणि त्याचे नाव गुप्त राखूनच. आपणांपैकी कोणाच्या घरी असे दुखणे असेल, तर डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे कंटाळा न करता द्यावीत, आणि बरे वाटू लागले तरी ते कळवावे. आपल्या चार ओळींनी उद्याच्या एखाद्या अनोळखी रोग्याचे औषध ठरणार आहे.