जर्मनीहून मी काय आणले?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



1987 साली मी पहिल्यांदा जर्मनीला जाऊन आलो, तेव्हा याच व्यासपीठावरून आपल्याशी बोललो होतो. आज येथे बसलेले काही पालक तेव्हा विद्यार्थी म्हणून समोर होते. मी तिकडच्या रस्त्यांचे, दुकानांचे आणि कामगारांच्या पगाराचे वर्णन केले. भाईजाननी दिलेला टेपरेकॉर्डर सर्वांना दाखवला. टाळ्या पडल्या. पुढच्या जून महिन्यात शाळा उघडली, तेव्हा दहावीच्या वर्गातील दोन जागा रिकाम्या होत्या. दोन्ही मुले हुशार होती. आखातात नोकरी मिळेल म्हणून ती मुंबईला एजंटाकडे गेली होती. केवळ माझ्या भाषणामुळे ती गेली, असे मी म्हणत नाही. परंतु त्या वर्गाचा शिक्षक मी होतो आणि ही गोष्ट माझ्या मनातून कधी गेली नाही. म्हणून आजचे भाषण हे पहिल्या भाषणाची दुरुस्ती समजावी.

माझे थोरले बंधू बोटीवर खलाशी होते. हॅम्बुर्ग बंदरात त्यांनी बोट सोडली आणि पुढे पश्चिम बर्लिनमध्ये एका कारखान्यात आयुष्य काढले. गेल्या वर्षी मी गेलो तो त्यांच्या कबरीवर फातिहा पढण्यासाठी. बर्लिनच्या कडेला गाटो येथील कब्रस्तानात मुसलमानांसाठी वेगळा भाग आहे. तेथे ते विसावले आहेत. माझी पुतणी आता तेथे शाळेत शिक्षिका आहे. ती म्हणाली, “चाचा, मागच्या वेळी अब्बांनी तुम्हाला दुकाने दाखवली. या वेळी मी दाखवीन ते पाहा.”

मागच्या खेपेस शहराच्या मधून भिंत गेलेली होती. 13 ऑगस्ट 1961 रोजी ती उभारण्यास सुरुवात झाली आणि 9 नोव्हेंबर 1989 च्या रात्री तिचे दरवाजे उघडले. आज बर्नाउअर रस्त्यावर तिचा एक तुकडा आठवण म्हणून राखला आहे. आम्ही 1987 साली पलीकडे गेलो नव्हतो. त्यामुळे जुन्या बर्लिन विद्यापीठाची इमारत मी आता प्रथमच पाहिली. आज तिला हुम्बोल्ट विद्यापीठ म्हणतात.

या विद्यापीठातून आपले माजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांनी 1926 साली अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्यांना कोठेही मोठी नोकरी मिळाली असती. परंतु ते दिल्लीला परतले ते जामिया मिल्लिया या संस्थेकडे. जामियाची स्थापना 1920 ची. तिजोरी रिकामी होती आणि संस्था बंद करावी असा विचार चालू होता. एकोणतिसाव्या वर्षी त्यांनी तिची सूत्रे हाती घेतली. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिज्ञा केली, की वीस वर्षे येथेच सेवा करू आणि महिना दीडशे रुपयांपेक्षा अधिक वेतन घेणार नाही. पालकहो, जर्मनीहून आणलेले सामान म्हणतात ते हे!

पण पुतणीने मला विद्यापीठासमोरच्या चौकात नेले आणि म्हणाली, “आता खाली पाहा.” फरशीत एक काच बसवली आहे. तिच्याखाली एक खोली आहे, पांढऱ्या कपाटांची. सर्व कपाटे रिकामी. सुमारे वीस हजार पुस्तके मावतील एवढी जागा, आणि पुस्तक एकही नाही. 10 मे 1933 च्या रात्री या चौकात तेवढी पुस्तके जाळण्यात आली. आणि जाळणाऱ्यांत पुढाकार कोणाचा? विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा! जवळच्या फलकावर हाइने या जर्मन कवीच्या ‘अलमन्सूर’ नाटकातील वचन आहे. ग्रॅनडामध्ये कुरआन शरीफ जाळल्याची वार्ता ऐकून त्यातील एक पात्र ते बोलते. पुस्तके जाळण्याचा शेवट कोठे होतो, याचा तो इशारा आहे. हे नाटक 1933 च्या शंभर वर्षे आधीचे. हाइने जन्माने यहुदी. त्याचीही पुस्तके त्या रात्री जाळली गेली.

तेव्हा मी मनाशी म्हटले, शिक्षण म्हणजे पदवी एवढेच असते, तर हा चौक असा दिसला नसता.

दुसऱ्या दिवशी आम्ही डालेम भागात गेलो. तेथे पूर्वी मानववंशशास्त्राची एक संस्था होती. आपल्या महाराष्ट्राच्या इरावती कर्वे 1930 च्या सुमारास तेथे संशोधन करीत होत्या. त्यांचे प्राध्यापक ऑयगेन फिशर यांचे मत असे, की गोऱ्या वंशाची श्रेष्ठता कवटीच्या घडणीत दिसून येते. इरावतीबाईंना ते तपासण्याचे काम दिले होते. त्यांनी कवट्या मोजल्या आणि लिहिले, की असा काही संबंध आढळत नाही. परक्या देशात, ज्यांच्या हाती आपली पदवी त्याच गुरूंच्या मताविरुद्ध एका तरुण मुलीने खरे ते लिहिले. विद्यार्थिनींनो, हे नाव लक्षात ठेवा.

आणखी एक नाव सांगतो, गेर्डा फिलिप्सबोर्न. या यहुदी बाई बर्लिनमध्ये झाकिर साहेबांच्या स्नेही होत्या. हिटलरचा काळ आला तेव्हा त्या हिंदुस्थानात आल्या आणि जामियातील लहान मुलांसाठी त्यांनी स्वतःला वाहून घेतले. मुले त्यांना ‘आपाजान’ म्हणत. 1943 साली त्यांचे निधन झाले. त्यांची कबर जामियाच्या कब्रस्तानात आहे. एक कबर गाटोला, एक दिल्लीला. मला दोन्ही सारख्याच आपल्या वाटतात.

आता पालकांच्या नेहमीच्या प्रश्नाकडे येतो. “सर, पोराला जर्मनीला पाठवू का?” जरूर पाठवा. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते. परंतु राहण्या-जेवणाचा खर्च भागेल एवढी रक्कम आधी दाखवावी लागते आणि बहुतेक अभ्यासक्रमांना जर्मन भाषा चांगली यावी लागते. अर्धवट शाळा सोडून जाणाऱ्याला तेथेही कोणी विचारत नाही. माझ्या पुतणीचा मुलगा विजेचे काम शिकतो. आठवड्यातील एक-दोन दिवस शाळा, बाकीचे दिवस प्रत्यक्ष काम, असे साडेतीन वर्षे. शिकताना थोडा पगारही मिळतो. वायर का तापते, हे त्याला कागदावर मांडून दाखवता येते. शिक्षिकेचा मुलगा पक्कड हाती घेतो याची तेथे कोणाला लाज वाटत नाही. 1937 साली वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि झाकिर साहेबांच्या समितीने मूलोद्योगी शिक्षणाची योजना आखली, तिचे म्हणणे हेच होते, की हाताने शिकावे आणि डोक्यानेही.

या वेळी मी टेपरेकॉर्डर आणला नाही. त्या रिकाम्या कपाटांचा एक फोटो आणला आणि शाळेच्या वाचनालयाला दिला. तो लावताना सहज नोंदवही चाळली. आपली कपाटे अल्लाहच्या कृपेने भरलेली आहेत. परंतु गेल्या तीन महिन्यांत एकही पुस्तक कोणी घरी नेलेले नाही. मित्रहो, पुस्तक कोणी उघडलेच नाही, तर भरलेले कपाटही रिकामेच.

उद्या सकाळी वाचनालय उघडेल, तेव्हा मी नोंदवही घेऊन दाराशी बसणार आहे. पहिले नाव कोणाचे लिहावयाचे, ते आपण आज घरी जाऊन ठरवा.

अल्लाह आपल्या मुलांना इल्म देवो आणि त्याबरोबर माणुसकीही देवो. आमीन. खुदा हाफिज.