यंत्र आणि मुलाची भाषा



पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखान्यांमागून कामगार आले आणि त्यांच्यामागून त्यांची मुले शाळेत आली. कोणाच्या घरी हिंदी, कोणाच्या घरी भोजपुरी. पाठ्यपुस्तक मात्र मराठी. अशा वर्गात गप्प बसणारे मूल मंद असतेच असे नव्हे. पुष्कळदा त्याला शब्दच परके असतात.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत हीच अडचण होती. तेथील मुलांची घरची भाषा कन्नड. २००९ साली तेथे रुजू झालेले श्री. रणजितसिंह डिसले प्रथम स्वतः कन्नड शिकले, मग पाठ्यपुस्तके त्या भाषेत आणून त्यांस क्यूआर कोड जोडले. फोन धरताच कविता ऐकू येई, पाठ पाहता येई. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. २०२० साली श्री. डिसले यांस जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला.

येथे क्रम ध्यानात घ्यावा: आधी मुलाची भाषा, मागून यंत्र. पडद्यावर नुसती चित्रे हलली, तर अध्यापन होते तेथेच राहते.

या पट्ट्यातील शिक्षकाने आरंभ लहानच करावा. धड्यातील दहा कठीण शब्द निवडावेत. त्यांचे घरच्या बोलीतील अर्थ पालकांकडून फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्यावेत. मराठी शब्द, बोलीतील अर्थ आणि पुन्हा मराठी शब्द, असे मुलांस ऐकवावे. नंतर फोन बाजूस ठेवून त्या शब्दांची वाक्ये मुलांकडून बोलवून घ्यावीत. गप्प बसणारे मूल बोलू लागले, म्हणजे यंत्र कारणी लागले.