वेव्हर : चोवीस तासांचा पुकारा

हॉकी म्हटली की आपल्यापुढे ध्यानचंद उभे राहतात. आज मी बोलणार आहे ती हॉकी मात्र बर्फावरची, कॅनडा आणि अमेरिकेतली, आणि तीही पगारी खेळाडूंची. तिथल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये ३२ संघ आहेत. प्रत्येकाला हंगामात बहुतेक काळ २३ खेळाडूच ठेवता येतात. उरलेले खालच्या लीगमधल्या जोडसंघाकडे असतात.

आता समजा, एखाद्या संघापाशी चांगले खेळाडू गरजेहून जास्त झाले. त्यांतल्या एकाला खाली नेऊन बसवले, की तो प्रतिस्पर्ध्यालाही मिळत नाही आणि त्याची उमेदीची वर्षेही तिथेच जातात. ही साठेबाजी होऊ नये म्हणून ‘वेव्हर’चा नियम आहे. वेव्हर म्हणजे हक्क सोडणे. खाली पाठवण्याआधी संघाने त्या खेळाडूचे नाव इतर ३१ संघांपुढे ठेवायचे, आणि चोवीस तास थांबायचे. तेवढ्या वेळात ज्याला हवा त्याने मागणी करावी. मागणाऱ्याला तो चालू करारासकट घ्यावा लागतो. बदल्यात खेळाडू द्यावा लागत नाही. दोघांतिघांनी मागितला, तर गुणतक्त्यात जो सर्वांत खाली त्याला मिळतो. एक नोव्हेंबरपर्यंत मात्र मागच्या हंगामाचा तक्ता धरतात, कारण तोवर नव्या तक्त्याला काही अर्थच नसतो.

सगळ्यांनाच हा पुकारा लागू नाही. नवशिक्यांना सूट असते. अठराव्या वर्षी करार केलेल्याला साधारण पाच वर्षे किंवा १६० सामने, यांतले जे आधी भरेल तोपर्यंत. गोलरक्षकाला सहा वर्षे किंवा ८० सामने. पोटनियम पुष्कळ आहेत, त्यांत शिरत नाही. पण मौज अशी की सूट असलेल्या पोराला संघ हवे तेव्हा वर-खाली पाठवतो, आणि कित्येकांच्या करारात खाली खेळताना पगारही कमीच लिहिलेला असतो. ही सूट संघाची आहे, पोराची नव्हे!

कधी एखाद्याचे नशीब या पुकाऱ्यातूनच उघडते. गुस्ताव फोर्सलिंग हा स्वीडनचा बचावपटू. जानेवारी २०२१ मध्ये कॅरोलायना संघाने त्याचे नाव वेव्हरवर टाकले आणि फ्लॉरिडाने ते उचलले. पुढे २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे फ्लॉरिडाने स्टॅनले चषक जिंकला, तेव्हा फोर्सलिंग त्या संघाचा आधारस्तंभ होता.

असे भाग्य थोड्यांचे. बहुतेक नावांना कोणीच मागत नाही. चोवीस तास सरतात, आणि तो गडी आपली पिशवी नि काठ्या उचलून खालच्या संघाच्या गावची वाट धरतो.