कळफलकाची रात्रपाळी



मोबाइलवर आपण ‘उद्या’ लिहितो आणि कळफलक पुढे ‘भेटू’ सुचवतो. हे तो शिकतो लोकांच्या लिहिण्यातून. आणि लोक तिथं काय काय लिहितात! आजारपणं, उधाऱ्या, भांडणं, पासवर्डसुद्धा. हे सगळं कंपनीच्या संगणकावर गोळा होऊ नये, म्हणून गूगलनं २०१७मध्ये आपल्या जीबोर्ड या कळफलकासाठी वेगळी रीत जाहीर केली. मजकूर फोनमध्येच राहतो, शिकवणीही फोनमध्येच होते. बाहेर जातात ते फक्त शिकवणीतून निघालेले आकडे. अनेक फोनांचे आकडे एकत्र करून मूळ मॉडेल सुधारतात. याला फेडरेटेड लर्निंग म्हणतात.

फोन चार्जिंगला लावलेला, वायफायवर आणि वापरात नसलेला असेल तेव्हाच ही शिकवणी चालते. म्हणजे बहुधा आपण झोपलेले असताना. त्यामुळे बॅटरी वाचते, पण शिकवणीची वीज कंपनीच्या बिलातून आपल्या बिलात येते. एकेका घराला ती जाणवणारही नाही, म्हणूनच तिचा हिशेब कुणी मागत नाही. फोनला झेपावं म्हणून मॉडेलही आटोपशीर ठेवावं लागतं. इंग्रजीसाठीचं २०१८चं असं एक मॉडेल जेमतेम दीड एमबीचं होतं आणि त्याला दहा हजार शब्द येत. मराठीत घर, घरी, घरात, घरातून, घरासमोरच्या अशी एकाच शब्दाची रांग लागते. दहा हजार जागा भरायला कितीसा वेळ लागणार?

बरं, नुसत्या आकड्यांवरूनही कुणाचं तरी गुपित ताडता येतं. म्हणून त्यांत मुद्दाम यादृच्छिक आकड्यांची थोडी भेसळ करतात. या कल्पनेचं मूळ जुनं आहे. नाजूक प्रश्नांच्या पाहणीसाठी स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५मध्ये एक युक्ती मांडली. तिचं सोपं रूप असं : प्रत्येकानं गुपचूप नाणं उडवायचं. छापा पडला तर खरं उत्तर द्यायचं. काटा पडला तर पुन्हा उडवायचं आणि छाप्याला ‘हो’, काट्याला ‘नाही’ म्हणायचं. कुणाचं ‘हो’ खरं, ते कळत नाही, पण एकूण प्रमाण काढता येतं. मात्र शंभर माणसं असतील तर अंदाज सहज दहा टक्क्यांनी चुकतो. चूक एका टक्क्यावर आणायला दहा हजार माणसं लागतात.

माझ्या मते खरी गोम इथंच आहे. मोठ्या भाषेला ही भेसळ पचते. अहिराणीतला किंवा मालवणीतला एखादा शब्द आणि तुमचा पासवर्ड यंत्राला मात्र सारखेच दिसतात : दोन्ही फार थोड्यांनी लिहिलेले. पासवर्ड झाकायला जावं तर शब्दही झाकला जातो. भेसळीमुळे अचूकता घटते तेव्हा अल्पसंख्य गटांची जास्त घटते, हे २०१९मध्ये बगदासारयान, श्मातिकोव्ह आदी संशोधकांनी दाखवून दिलं.

कळफलकाला एखादा शब्द आला नाही तर आपण तो टाइप करू. पण हीच रीत आजार ओळखणाऱ्या यंत्रासाठी वापरली, तर त्याला ही सूट देता येणार नाही. म्हणून भेसळ किती करायची, हे कंपनीतल्या अभियंत्यानं एकट्यानं ठरवू नये, ते प्रमाण जाहीर असावं. दुर्मिळ शब्दांसाठी खासगी गप्पांकडे पाहायची गरजही नाही. छापील साहित्य आहे, शिवाय राजीखुशीनं देणारी माणसंही आहेत. मॉझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ या उपक्रमात लोक स्वतःहून आपला आवाज देतात, आणि तिथं मराठीही आहे.