कबरीवर यंत्र फिरवण्याआधी

(जयनगर, बेंगळुरू इथे मराठी वाचक मित्रांच्या रविवारच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं थोडं संपादित शब्दांकन)



मागच्या बैठकीनंतर चहा घेताना आपल्यातल्या एका मित्राने फोनवर फोटो दाखवला. त्याने ऑनलाइन मेटल डिटेक्टर मागवला होता. तो म्हणाला, "होसूर रोडला इंग्रजांच्या काळातली कबरस्तानं आहेत. एखाद्या रविवारी सकाळी लवकर जाऊ. काही ना काही सापडेलच." दोघंतिघं लगेच तयार झाले. एक मैत्रीण मात्र काही न बोलता कप ठेवून निघून गेली. नंतर ग्रुपवर जे भांडण झालं ते तुम्ही सगळ्यांनी वाचलंच आहे. त्या भांडणात मी एक वाक्य लिहिलं होतं: "हे काम माझी आजी यंत्राशिवाय करायची." त्या एका वाक्यामुळे आज मला इथे उभं केलं आहे. मी पुरातत्त्वाचा अभ्यासक नाही आणि वकीलही नाही, हे आधीच सांगतो.

आधी यंत्राबद्दल, कारण त्याविषयी गैरसमज फार आहेत. डिटेक्टरच्या खालच्या चकतीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून बदलती वीज जाते आणि जमिनीत चुंबकीय क्षेत्र तयार होतं. खाली धातू असेल तर त्यात प्रवाह निर्माण होतो, तो यंत्राला कळतो आणि आवाज येतो. सोनं आहे की बाटलीचं झाकण, हे साधं यंत्र खात्रीने सांगत नाही. अंगठी किंवा नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंतच कळते. माणूस पुरतात चार-सहा फूट खाली. म्हणजे कबरस्तानात फिरताना जे वाजेल ते बहुधा वरच्या मातीतलं असणार: खिळे, तारा, भेटायला आलेल्या कुणाच्या खिशातून पडलेलं नाणं. आणि मित्राला जे हवं होतं ते मिळवायचं तर कबर उकरावीच लागते. "आम्ही फक्त वरवर बघणार" हे बोलणं म्हणूनच मला पटत नाही. वरवर बघायला कुणी एवढे पैसे घालून यंत्र घेत नाही.

आता आजी.

आमचं गाव कृष्णाकाठचं. नदीच्या घाटावर गावातल्या मोठ्या घरांची माणसं जाळली जायची. आमची माणसं पलीकडे ओढ्याकाठी पुरली जायची. रीत तशी होतीच, आणि सरणाची लाकडं परवडायचीही नाहीत. घाटावर लाकडं फोडायची, सरण रचायचं, रात्रभर आग राखायची, हे सगळं आमच्या घराकडे. गावकीच्या कामात मढ्यावरचं कापड आणि उरलेली लाकडं मिळायची, त्याला 'हक्क' म्हणायचे. हा हक्क म्हणजे काय गळफास होता, ते बाबासाहेबांनी ओळखलं आणि १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं. वतनं कायद्याने गेली. घाटावरचं काम मात्र आमच्या घरातून आजीच्या हयातीतही सुटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नातेवाईक येऊन राख सावडून जायचे. उरलेली राख आजी पाटीत घेऊन नदीत धुवायची. मेलेल्याच्या तोंडात ठेवलेला सोन्याचा बारीक तुकडा, एखादा मणी, असं काही कधी हाताला लागायचं. कित्येक आठवडे काहीच लागायचं नाही. लागलं की ती तालुक्याच्या सोनाराकडे जायची. तो तिच्या हातातून घ्यायचा नाही, उंबऱ्यावर ठेवायला सांगायचा. मग चिमट्याने उचलून तोलायचा. भाव कमी द्यायचा, का तर मसणातलं सोनं. पुढे तेच सोनं वितळवून तो कुणाच्या तरी लग्नातले डूल करायचा. सोनं वितळलं की विटाळ जात होता, आजी जन्मभर तशीच राहिली.

तिचे काही नेम होते. घरच्यांनी राख सावडण्याआधी चितेला हात लावायचा नाही. पुरलेल्या माणसाच्या वाटेला जायचं नाही, मग ते कुठल्याही जातीचं असो. लहान मुलांना पुरतात त्या बाजूला पाटी घेऊन पाऊलसुद्धा टाकायचं नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि कुठल्या पुस्तकातही नव्हतं.

पण मला तिची मूर्ती करून तुमच्यापुढे ठेवायची नाही. एकदा एका बाईच्या राखेत कानातलं एक फूल सापडलं, अर्धं वितळलेलं. कुणाचं ते आजीला नीट माहीत होतं. त्या घरी नेऊन देता आलं असतं. त्याच घरात तिला पाणी वरून ओतून मिळायचं. तिने ते दिलं नाही. सोनाराने जे काही दिलं त्यातून माझ्या वडिलांचा दहावीचा फॉर्म भरला गेला. वडील शिकले, नोकरीला लागले, मी पदवीधर झालो आणि आज बेंगळुरूत नोकरी करतो. आजीने हे मला स्वतः सांगितलं, मरायच्या वर्षभर आधी. सांगताना तिला पश्चात्ताप होता की समाधान, मला आजही ठरवता येत नाही. तेव्हा मसणातल्या सोन्याबद्दल मी बोलतो ते वरच्या पायरीवरून बोलत नाही.

अण्णा भाऊ साठेंची 'स्मशानातील सोनं' ही कथा तुमच्यापैकी बहुतेकांनी वाचली असेल. वारणेकाठचा भीमा मुंबईच्या उपनगरात येतो, खाणीत काम धरतो. खाण बंद पडते. राखेत एक अंगठी सापडते आणि तो राख चाळायला लागतो. पुढे पुरलेली प्रेतंही उकरतो, कोल्ह्यांशी झुंजतो, आणि शेवटी प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात. आमच्या वर्गात ही कथा भयकथेसारखी शिकवली गेली. परीक्षेत भीमाचं स्वभावचित्र लिहायला आलं, आणि मी 'धाडसी पण लोभी' असं लिहून चांगले गुण घेतले. घरी आजी होती, तरी मला ते तसंच लिहावंसं वाटलं. शाळा आपल्याला हेही शिकवते. त्या कथेत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट माझ्या मते कोल्हेही नाहीत आणि जबडाही नाही. खाण बंद पडते, ही ती गोष्ट. आणि भीमाची बोटं गेल्यावर खाण परत सुरू होते.

आता शेजारी शेजारी ठेवून बघा. पोटासाठी राख धुणारी बाई, तिला गावाने अमंगळ म्हटलं. रविवारी टोपी घालून, कानाला हेडफोन लावून कबरीवर चकती फिरवणारा, तो व्हिडिओ टाकतो आणि त्याला इतिहासप्रेमी म्हणतात. आपण आता दुसऱ्या गटात जाण्याइतके शिकलो, पगार मिळवतो. म्हणूनच हा प्रश्न आपला आहे. आजीला भूक होती. आपल्याला सुट्टी आहे.

माझा मित्र म्हणाला, "अरे, ते इंग्रज अधिकारी. त्यांनी लुटूनच नेलं ना?" या बोलण्यात दम आहे असं क्षणभर वाटतं. पण होसूर रोडच्या दफनभूमींत फक्त इंग्रज नाहीत. तिथे तमिळ, कन्नड बोलणारे ख्रिस्ती आहेत, आणि त्यांतले कितीतरी आपल्यासारख्याच जातींतून तिकडे गेलेले. त्यांची लेकरं आजही मेणबत्त्या लावायला येतात. आणि समजा फक्त इंग्रज असते, तरी मेलेल्याच्या अंगावरून घेतल्याने कुठला हिशेब चुकता होतो?

माझी खरी काळजी वेगळी आहे. नावाच्या दगडाखाली जे आहेत त्यांची तरी राखण होते. शहाजीराजांना १६३८ नंतर बेंगळुरूची जहागीर मिळाली. १६६४ साली होदिगेरे इथे ते वारले, त्यांची समाधी तिथे आहे, आपली मराठी मंडळी गाड्या करून जातात. चांगलंच आहे. १७९१ साली कॉर्नवॉलिसने बेंगळुरूचा किल्ला घेतला, तेव्हा पडलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या कबरींचं चित्रसुद्धा रॉबर्ट होम या चित्रकाराने काढून ठेवलं. पण शहाजीराजांबरोबर जे मांग-महार शिपाई, मशालजी, घोड्यांची निगा राखणारे इकडे आले, ते कुठे पुरले गेले? कॉर्नवॉलिसच्या तोफा ओढणारे कुठे आहेत? कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' लागलेली नावं कोरली गेली म्हणून आपण दर १ जानेवारीला तिथे जाऊ शकतो. तशी नावं किती ठिकाणी आहेत?

मुक्ता साळवे चौदा वर्षांची होती. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये तिचा निबंध छापून आला. त्यात ती सांगते की वाड्या-इमारतींच्या पायात मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून पुरत असत. म्हणजे आपली कबरस्तानं कुठे आहेत याचा नकाशा काढायला बसलो तर त्यात जुन्या वाड्यांचे पाये येतील. आणि अशाच पडक्या वाड्यांत, गढ्यांत आज गुप्तधनवाले यंत्र घेऊन फिरतात. पूर्वी पायाळू माणूस शोधायचे, आता बॅटरीवर चालतं. गुप्तधनासाठी माणसांचे बळी देण्याचे प्रकार घडत आले, म्हणून तर महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावाने केलेल्या अमानुष कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला. कर्नाटकानेही २०१७ साली असा कायदा केला.

ज्या जागेवर दगड नाही ती जागा मोकळी, असं धरलं जातं. यंत्रवाला धरतो, बिल्डर धरतो, तलाठीही धरतो. न्यूयॉर्कमध्ये हेच झालं होतं. १९९१ साली तिथे सरकारी इमारतीचा पाया खणताना सतराव्या-अठराव्या शतकातलं आफ्रिकी लोकांचं दफनस्थान निघालं. गुलाम होते, काही मुक्तही होते. अंदाजे १५,००० माणसं तिथे पुरली गेली असावीत, आणि शहर ते विसरून गेलं होतं. काम घाईघाईने पुढे रेटलं जात होतं. काळ्या समाजाने रस्त्यावर येऊन ते थांबवलं. आमच्या माणसांचा अभ्यास कोण करणार, कसा करणार, हे आम्हाला विचारा, असं ते म्हणाले. मग ते काम हॉवर्ड विद्यापीठाकडे, म्हणजे काळ्या लोकांच्या विद्यापीठाकडे आलं. ४१९ जणांचे अवशेष २००३ साली सन्मानाने परत पुरले गेले.

त्यातल्या एका शवपेटीची गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. तिच्या झाकणावर बारीक खिळे ठोकून बदामासारखी आकृती काढलेली होती. काही अभ्यासक म्हणतात की ती पश्चिम आफ्रिकेतली खूण आहे, काहींना ते मान्य नाही. वाद घालता येतो, कारण खिळे जागच्या जागी सापडले. तिथे कुणी डिटेक्टर घेऊन आधी पोचला असता तर त्याच्या हाती मूठभर गंजके खिळे आले असते आणि त्याने ते फेकून दिले असते. गरिबांच्या कबरीत सोनं नसतं. जे असतं ते कसं ठेवलंय यातच असतं, आणि उकरलं की तेच जातं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण "कायदा कुठे आहे" असंही ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं. जमिनीत दडलेली, १० रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर १८७८च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कुणाच्या भावना दुखावण्याच्या हेतूने, किंवा त्या दुखावतील हे माहीत असून, दफनभूमीत घुसणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे. मेलेल्याजवळची वस्तू अप्रामाणिकपणे स्वतःची करणं कलम ३१५ खाली. हे वाचल्यावर मला आजीची आठवण आली, आणि त्या सोनाराचीही. कलमात दोघंही बसतात. पकडलं कुणाला गेलं असतं, ते तुम्हाला माहीत आहे.

मग यंत्र घेतलेल्या माणसाने करायचं काय? समुद्राच्या वाळूत फिरव. शेतात हरवलेला विळा, कुणाची पडलेली अंगठी शोधून दे, मालकाला विचारून. कबरस्तानात, मसणवट्यात यंत्र नेऊ नको, चौकीदाराने पन्नास रुपये घेऊन आत सोडलं तरी नेऊ नको. चौकीदाराची परवानगी ही तिथे झोपलेल्यांच्या घरच्यांची परवानगी नव्हे. त्याचा पगार किती, तो राहतो कुठे, हे विचारलंस तर जास्त बरं. बहुतेक वेळा तो आपलाच निघतो. चालताना वर आलेलं काही दिसलं, हाड असो की हार, तर हात न लावता त्याला सांग आणि फोटो टाकू नको.

इंग्रजांच्या दफनभूमीत जायचं असेल तर आपण सगळे मिळून दिवसा जाऊ, दारातून जाऊ, नावं वाचू. त्या मैत्रिणीलाही बोलावू, ती आली तर.

आणि गावाकडे जाल तेव्हा एक काम करा. मी दिवाळीत केलं. आमच्या ओढ्याकाठच्या जागेचा सातबारा काढला. त्यावर स्मशानभूमी हा शब्दच नाही, पोटखराबा लिहिलंय. शेजारच्या शेतकऱ्याचा बांध दोन वर्षांत चार पावलं आत आलाय. ग्रामपंचायतीला अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे. मग आईला आणि दोन म्हाताऱ्या चुलत्यांना घेऊन तिथे फिरलो. लिंबापासून ओढ्यापर्यंत कोण कुठे आहे ते विचारलं, फोनवर ठिकाण टिपलं आणि वहीत नाव लिहिलं. आतापर्यंत ४१ नावं झाली आहेत. सात जण 'अमकीचं पोर' एवढेच आठवतात, त्यांच्यापुढे आईचं नाव लिहून ठेवलंय. आजी लिंबाखाली आहे. ती वही मी आज आणली आहे, चहाच्या वेळी बघा.