'देवमाता' या एका शब्दाचा वाद



ख्रिस्ताला मानणाऱ्यांनीच एकमेकांना पाखंडी का ठरवले, हा आजचा विषय. इ.स. ३२५ च्या नायसिया परिषदेने पुत्र हा पित्याच्याच तत्त्वाचा आहे असे ठरवले. पुत्र ही पित्याची निर्मिती आहे असे सांगणारा एरियस हद्दपार झाला. ३८१ च्या परिषदेने पवित्र आत्म्याचे स्थानही पक्के केले.

आता पुत्र पूर्ण देव ठरला, तर त्याच्या आईला काय म्हणावे? लोक मरियेला ग्रीकमध्ये 'थिओटोकॉस', म्हणजे देवाला जन्म देणारी, म्हणत. ४२८ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झालेल्या नेस्टोरियसला हे खटकले. जन्म, भूक, मरण हे मानवी स्वभावाचे. तेव्हा तिला 'ख्रिस्ताला जन्म देणारी' म्हणावे, असे त्याचे मत. अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल म्हणे, अशाने एका ख्रिस्ताचे दोन होतात. सिरिलचा तर्क आम्हाला दुबळा वाटत नाही. पण त्याची रीत पाहा.

४३१ च्या जूनमध्ये इफिससला परिषद भरली. सीरियाकडचे बिशप अजून वाटेत होते. त्यांची वाट न पाहता सिरिलने एका दिवसात नेस्टोरियसला पदच्युत करविले. मागाहून आलेल्या अँटिऑकच्या जॉनने वेगळी बैठक घेऊन सिरिललाच पदच्युत केले! सम्राट दुसऱ्या थिओडोसियसने आधी दोन्ही ठराव उचलून धरले. अखेर सिरिल आपल्या गादीवर परतला, नेस्टोरियस मठात गेला. ४३५ मध्ये त्याचे ग्रंथ जाळण्याचा हुकूम निघाला. पुढे त्याला इजिप्तच्या वाळवंटात धाडले.

त्याच्याविषयी हळहळण्यापूर्वी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पदावर येताच याच नेस्टोरियसने एरियसपंथीयांच्या प्रार्थनास्थळावर हात घातला होता.

विद्यार्थ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की शतकानुशतके त्याची मते जगाला मुख्यतः विरोधकांच्या लिखाणातून कळत होती. त्याने केलेला स्वतःचा बचाव सिरियाक भाषांतरात तेवढा टिकला, आणि तो १९१० मध्ये छापला गेला.

त्याला मान देणारी पूर्वेकडील मंडळी मात्र इराणमधून ६३५ मध्ये चीनपर्यंत पोहोचली. तेथील ७८१ च्या शिलालेखाचा लेखक जिंगजिंग हा भिक्खू प्रज्ञ यांच्यासह षट्पारमितांवरील सूत्राच्या भाषांतराला बसला होता, अशी चिनी बौद्ध ग्रंथसूचीत नोंद आहे. वाद घालणाऱ्यांच्या वारसांना परक्या धर्माच्या माणसाशेजारी बसणे जमले. आपसांत बसायला फार काळ गेला. ११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप दुसरे जॉन पॉल आणि पूर्वेकडील चर्चचे प्रमुख मार दिनखा चौथे यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. मरियेची दोन्ही संबोधने एकाच श्रद्धेची आहेत, हे त्यात मान्य झाले. इफिससच्या परिषदेला तेव्हा १५६३ वर्षे झाली होती.