वजनकाटा आणि पाण्याचा घोट



भातकापणी आटोपली की कर्जत-खालापूरच्या गावोगावी कबड्डीची मैदाने आखली जातात. किशोर आणि कुमार गटांत वजनाला कमाल मर्यादा असते. ती गाठण्यासाठी आदल्या दिवशी जेवण सोडायचे, पाणी तोडायचे आणि काट्यावरून उतरताच दोन वडे व थंड पेय घेऊन मैदानात उतरायचे, या प्रकाराला काही मुले जिद्द समजतात. ती जिद्द नव्हे, शरीराशी केलेला द्रोह आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम कुस्तीपूर्वी विनेश फोगट यांचे वजन १०० ग्रॅमने अधिक भरले. रात्रभर घाम गाळूनही त्या अपात्र ठरल्या आणि शरीरातील पाणी आटल्याने त्यांना उपचार घ्यावे लागले. त्यांच्या दिमतीला डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ होते. आपल्या वाडीतील चौदा वर्षांच्या मुलापाशी कोण आहे?

पाणी घटून वजन दोन टक्क्यांनी उतरले, तरी दम आणि चपळाई खालावू लागते. पन्नास किलोच्या मुलाच्या बाबतीत हे अवघे एक लिटर! त्यात आपली हवा दमट. घाम वाळत नाही, म्हणून अंग निवत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी याच जिल्ह्यात, खारघरला, उष्माघाताने माणसे दगावली. ती धावत नव्हती, बसलेली होती.

खेळताना पाणी प्यायल्यास पोटात कळ येते, असे म्हणतात. तांब्याभर एकदम प्यायल्यास पोट जड होते, हे खरे. घोटघोट पिण्याने नव्हे. मात्र तहान नसताना बाटल्या रिचवणेही घातक, कारण त्याने रक्तातील क्षार विरळ होतात. खेळापूर्वी आणि खेळानंतर वजन करा, म्हणजे किती पाणी गेले ते कळेल. लघवी गडद पिवळी होत असेल, तर पाणी कमी पडत आहे.

फार घाम गेल्यावर लिटरभर शुद्ध पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरते. याच धर्तीच्या मीठ-साखरेच्या पाण्याने डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत असंख्य पटकीग्रस्तांचे प्राण वाचवले. सामन्याच्या तीन तास आधी वरणभात किंवा तांदळाची भाकरी, तासभर आधी केळे, नंतर नाचणीची आंबील आणि उसळ घ्यावी. कर्जतचा वडा सामना संपल्यावर खा, मीही खातो.

आयोजकांना एकच विनंती. करंडक थोडा लहान घ्या, पण मैदानाच्या दोन्ही अंगांना पाण्याची पिंपे ठेवा. आणि प्रशिक्षकांनो, वाढत्या वयाचा मुलगा काट्यावर किलोभर जास्त भरला, तर त्याला उपाशी न ठेवता वरच्या गटात खेळवा.